‘होतंय, होतंय’ म्हणजे नक्की किती झालं?

प्रश्न : आंब्याचा पल्प काढणाऱ्या कारखान्यात नवी लाइन बसवायचं काम माझ्याकडे आहे. हाताखाली १२ माणसं. विचारलं की सगळे ‘होतंय’ म्हणतात आणि काम अडल्याचं शेवटच्या दिवशी कळतं. मागच्या आठवड्यात वाफेच्या पाइपांचे क्लॅम्प लहान निघाले, तेव्हा जुन्या फिटरकाकांना मी सगळ्यांदेखत बोललो. आता ते सांगितलं तेवढं करतात, पण तोंड उघडत नाहीत. एप्रिलच्या मध्यापासून कॅनिंगचा आंबा येईल. काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी काकांकडे जा. त्यांना केबिनमध्ये बोलावू नका, ते काम करतात तिथे एकटे जा. ‘चारचौघांत बोललो ते चुकलं’, एवढंच म्हणा. पुढे ‘पण’ आला की माफी गेली. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य सगळ्यांसमोर म्हणा. अपमान तिथे झाला होता.

मग क्लॅम्पचं कारण त्यांच्याचकडून समजून घ्या. ‘पन्नासचा पाइप’ हे नावापुरतं माप. त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ मि.मी. भरतो. ड्रॉइंगवर नुसतं ५० लिहिलं असेल आणि तेच बघून क्लॅम्प मागवले असतील, तर चूक फिटरची नाहीच. अनुभवी माणसाच्या हे नजरेला आलेलं असू शकतं. मग तो बोलला का नाही, याचा छडा लावा.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. ज्या गटांचं आपसात चांगलं जमत होतं, त्यांच्याच चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. तिथली माणसं न घाबरता चूक सांगत होती. इतर ठिकाणी ती दडपली जात होती. तुमच्या लाइनवर सगळं ‘होतंय’ असेल, तर काळजी करा.

रोज सकाळी १० मिनिटं उभ्याउभ्या भेटा. ‘झालं का?’ विचारलंत तर ‘होतंय’च मिळेल. ‘किती जॉइंट झाले, किती राहिले, कुठे अडलंय?’ असं विचारा. सगळ्यांत नवख्याला आधी बोलू द्या, तुम्ही शेवटी. कुणी वाईट बातमी आणली की पहिलं वाक्य ‘बरं झालं, आत्ताच सांगितलंत’. ‘आधी का नाही सांगितलं?’ हे त्या दिवशी गिळा. ते ऐकलेला माणूस पुढच्या वेळी आणखी उशिरा सांगतो. राग अनावर झाला तर ‘दहा मिनिटांनी बोलू’ म्हणून बाजूला व्हा. सुरक्षेचा प्रश्न असेल तर मात्र थांबू नका. बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हशी कुणी खेळत असेल, तर काम तिथल्या तिथे बंद.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक पद्धत या आठवड्यातच वापरा. काम फसलंच आहे असं आधीच धरायचं आणि कारणं शोधायची. ‘२५ एप्रिल उजाडलाय, लाइन बंद आहे, आवारात आंबा पिकतोय. का?’ प्रत्येकाने तीन कारणं चिठ्ठीवर लिहायची, नाव न घालता. लिहायला अवघडणाऱ्यांशी एकेकट्याने बोला. बॉयलरची तपासणी, न आलेलं गॅस्केट, विजेचा भार असं बरंच निघेल.

आणि शिमगा! वेळापत्रकात मार्च सरसकट कामाचा धरलेला असतो, इथेच पुष्कळ प्रकल्प फसतात. पालखी घरी येते त्या दिवशी कोकणातला माणूस कामावर थांबणार नाही, थांबवूही नये. ‘सुट्टी कोणाला हवी?’ विचारलं की माना खाली जातात. ‘तुमच्या वाडीत पालखी कधी?’ विचारा, तारखा भिंतीवर लावा आणि वेल्डिंग, चाचणी त्याभोवती बसवा. परप्रांतीय कामगारांचे सण त्याच कागदावर लिहा.

प्रश्न : काजू कारखान्यात बी फोडायचं नवं यंत्र आणतोय. बायका शिकायला तयार नाहीत.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : मजुरी किलोवर असेल, तर शिकण्याच्या दिवसांत त्यांचीच कमाई बुडते. हट्टीपणा समजू नका. आदल्या महिन्याच्या कमाईची रोजची सरासरी काढा आणि पहिले १५ दिवस तेवढी रक्कम नक्की मिळेल, असं यंत्र दाखवण्याआधी लेखी द्या. यंत्रामुळे किती जणींचं काम जाणार, हेही त्याच बैठकीत सांगा. बायका ते विचारत नसल्या, तरी मनात तेच असतं.