कोकणातल्या पावसाळ्यासाठी जिम्नीला मोठे टायर टाकावेत का?

तुम्ही विचारलंय की गुहागरजवळच्या वाडीत घर आहे, शेवटची घाटी जांभ्याची आणि चढाची, पाऊस सुरू झाला की जिम्नी (मारुतीची छोटी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी) अर्ध्यावर जाऊन नुसती चाकं फिरवते. 235/75 आर15 (म्हणजे 235 मिलिमीटर रुंद, कडेची उंची रुंदीच्या 75 टक्के, रिम 15 इंची) टाकून घेऊ का? दुकानदार म्हणतो आरामात बसतात.

बसतात हो. उभ्या गाडीला काहीही बसतं. मागे माणसं आणि आंब्याच्या चार पेट्या घालून, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना एक चाक खड्ड्यातून वर आलं की मग खरं बसणं कळतं.

मी राजापूरकडचा. माझ्या जुन्या डिझेल (सीआरडीई) थारचे मूळ टायर 235/70 आर16. हौस म्हणून रिमसकट 31 इंची टाकले. गाडी काय दिसायची! तिसऱ्या दिवशी अंगणात गडग्याच्या कडेने रिव्हर्स घेताना खर्रर्र आवाज आला. वाटलं चिरा लागला. उतरून बघतो तर चिरा हातभर लांब, मडफ्लॅप अर्धा फाटलेला आणि टायरची कड घासून आरशासारखी काळी चमकत होती. मग आंबा घाटात कळलं की जिथे तिसऱ्यावर गाणं म्हणत चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतोय. वर्षभर रेटलं, मग विकले.

आता तुमच्या गाडीचा हिशेब. जिम्नीचे मूळ टायर 195/80 आर15, म्हणजे चाकाची उंची साधारण 693 मिलिमीटर. 235/75 ची 733. फरक 40 चा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे 20 मिलिमीटर. हे 20 मात्र खरे, हे कबूल करतो. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा सलग अ‍ॅक्सल आहे. स्प्रिंग बदलून लिफ्ट केलं तर बॉडी वर जाते, त्याच्या मध्ये लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा (दोन चाकांना ताकद वाटणारे गिअर) जागच्या जागीच राहतो. तो उचलायचा तर टायरच मोठा हवा.

त्या 20 मिलिमीटरची किंमत बघा. चाक जवळपास सहा टक्के मोठं, म्हणजे प्रत्येक गिअर तितकाच जड. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, 134 न्यूटन मीटर टॉर्क, आणि घाटीत थांबून पुन्हा उचलायची वेळ आली की भार क्लचवर. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडीचा वेग आताच्यापेक्षा ताशी साडेचार किलोमीटर जास्त असेल. ब्रेकलाही जड चाक थांबवायचं असतं.

आणि मुळात तुमची गाडी घाटीत खाली टेकते का? तुम्हीच लिहिलंय की चाकं फिरतात. मग अडचण उंचीची नाही, पकडीची आहे. जिम्नीबरोबर येणारे टायर डांबरी रस्त्याचे, एच/टी. त्यांच्या बारीक खाचा लाल मातीने भरल्या की टायरचं टक्कल होतं, आणि खाली जांभ्यावर शेवाळ. त्यावर माणूस चप्पल घालून चालू शकत नाही, गाडीचं काय घेऊन बसलात.

माझं मत विचाराल तर 215/75 आर15, ए/टी (डांबर आणि माती दोन्हीसाठीच्या) नक्षीचे घ्या. उंची 703, फरक जेमतेम दहाचा, त्यामुळे गिअर आणि मीटर दोन्ही जवळजवळ होते तिथेच राहतात. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळच्या 96 पेक्षा कमी नको, तो टायरच्या कडेवर छापलेला असतो. दुकानदार एम/टी (खास चिखलाचे) दाखवेल, कारण ते दिसतात दणकट. मळ्यातल्या चिखलात ते राजे, पण ओल्या जांभ्यावर आणि पावसातल्या मुंबई-गोवा हायवेवर त्यांच्या रबराच्या मोठ्या गट्ट्यांना धरायला कडाच कमी. शिवाय चिपळूणपर्यंत कानात घोंघाट.

टायर घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. गेल्या जुलैत शेजारच्या पोराची गाडी आमच्या घाटीत अशीच अडकली. चारही चाकांतली हवा सोडून 18 पीएसआयवर आणली, फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू पण जोरकस गिअर) टाकला, पहिला गिअर. टायर खाली पसरून चिऱ्याला असा चिकटला की खांद्यावरचं रबर दगडाच्या कंगोऱ्यावर दुमडताना दिसत होतं. गाडी न घसरता, न गुरगुरता वर. पोरगा म्हणाला, “काका, एवढंच होतं?” एवढंच. फक्त डांबरी रस्ता लागायच्या आत हवा परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा.

बदलायचे तर पाचही बदला. दारावरची स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि पंक्चरच्या दिवशी ती लावून फोर-व्हील टाकलंत, तर वेगवेगळ्या मापांचा सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) जातो. मूळ मापापासून फार लांब गेलात तर मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलमही (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) आडवं येतं, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर टायर वाचल्याशिवाय राहत नाही.

मोठे टायर आले की पोरं म्हणतील पुळणीवर चला. नको. भरती कुणाची वाट बघत नाही, आणि तुमच्याच गुहागरच्या वाळूत हिवाळ्यात कासवं अंडी घालतात.

आणि हो, पहिली उघडीप मिळाली की घाटीवर ब्लीचिंग पावडर मारून खराट्याने शेवाळ घासून घ्या. वाडीतले चार जण मिळाले तर सकाळच्या चहाआधी होतं. त्यानंतरही गाडी चढली नाही, तर टायरच्या दुकानात जा.