वाचक विचारतात : इंग्रजी क्रियापदांची तीन रूपं

प्रश्न : 'गो, वेन्ट, गॉन' तोंडपाठ आहे, तरी लिहिताना 'आय डिड नॉट वेन्ट' किंवा 'आय हॅव वेन्ट' असं होतंच. असं का?

उत्तर : पाठांतर पक्कं आहे, पण कोणतं रूप कुठे वापरायचं हे पक्कं नाही. याचं मूळ आपल्या मराठीत आहे. 'मी गेलो', 'मी गेलो नाही', 'मी गेलो आहे' या तिन्ही वाक्यांत 'गेलो' जसंच्या तसं राहतं. इंग्रजीत मात्र तीन वाक्यांना तीन रूपं लागतात : 'आय वेन्ट', 'आय डिड नॉट गो', 'आय हॅव गॉन'.

दुसरं रूप नेहमी एकटं येतं, त्याला सहायक क्रियापद चालत नाही. 'डिड' आलं की भूतकाळ दाखवण्याचं काम तेच करतं, मग पुढे मूळ रूपच. प्रश्नातही तसंच : 'व्हेअर डिड यू गो?' प्रश्न कर्त्याबद्दलच असेल तर एरवी 'डिड' लागत नाही, म्हणून 'हू वेन्ट?' बरोबर. तिसऱ्या रूपाचं उलट आहे. मुख्य क्रियापद म्हणून ते 'हॅव, हॅज, हॅड' किंवा कर्मणी प्रयोगात 'इज, वॉज' यांच्याशिवाय उभं राहत नाही. गाण्यांत, सिनेमांत 'आय सीन इट' ऐकू येतं. परीक्षेत ते लिहू नका.

प्रश्न : एवढी मोठी यादी लक्षात कशी ठेवायची?

उत्तर : वर्णानुक्रमे तर मुळीच नको. त्यात 'ब्रिंग' आणि 'बाय' जवळजवळ येतात आणि 'ब्रॉट'-'बॉट'चा गोंधळ सुरू होतो. (खूण सोपी आहे : 'ब्रिंग'मध्ये र आहे, म्हणून 'ब्रॉट'मध्येही र.) आवाजावरून गट पाडा. 'कट, पुट, हिट, शट' यांची तिन्ही रूपं सारखी. 'सिंग, सँग, संग'च्या चालीवर 'ड्रिंक, स्विम, बिगिन'. 'सेंड, सेंट'सारखे 'स्पेंड, लेंड, बिल्ड'. पण 'मेंड'चं 'मेंडेड'च होतं. अशी फुटीर क्रियापदं गटाखालीच लिहून ठेवा. 'रीड' तिन्ही रूपांत सारखंच लिहितात, पण दुसऱ्या-तिसऱ्या रूपाचा उच्चार 'रेड'.

प्रश्न : 'लाय' आणि 'ले' यांत नेहमी फसतो.

उत्तर : इंग्रजी मातृभाषा असणारेही फसतात. आडवं होणं : 'लाय, ले, लेन'. ठेवणं : 'ले, लेड, लेड'. म्हणजे एकाचं दुसरं रूप ते दुसऱ्याचं पहिलं. 'काय ठेवलं?' याचं उत्तर वाक्यात असेल तर 'लेड' : 'शी लेड द बुक ऑन द टेबल'. नसेल तर 'शी ले डाउन'. खोटं बोलण्याचं 'लाय' नियमित आहे, त्याचं 'लाइड'.

'फॉल, फेल, फॉलन' आणि 'फील, फेल्ट, फेल्ट' यांचीही अशीच अदलाबदल होते. 'फाइंड'चं 'फाउंड', पण संस्था स्थापण्याच्या 'फाउंड'चं 'फाउंडेड'.