दोन एकराचं पाचट आणि जगाचा धूर

शिरोळ तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय, "साहेब, धूर करणार जगातले कारखाने आणि गाड्या, महापुराचं पाणी आमच्या दारात. मग दोन एकरातलं उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं तर बोलणी आम्हालाच का?"

दादा, तक्रार रास्त आहे. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड 280 भाग होता, आज 420 च्या पुढे गेलाय. वाढ झाली ती मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून. हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जादा बाष्प धरते, म्हणून लागलेला पाऊस कोसळतोच. (महापुराला इतरही कारणं आहेत, तो विषय वेगळा.) पाचटातला कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला, पुढचं पीक तो परत ओढतं. धुरासोबत जाणारी काजळी, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र पीक परत घेत नाही.

खरं सांगू? मला पाचटापेक्षा युरियाची काळजी जास्त. पाणी साचलेल्या सरीत तो फेकला की नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो. पोत्याचे पैसे गेले ते वेगळेच.

तेव्हा खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला, असं करा. तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटा. एकरी साधारण 4 टन पाचट निघतं, ते सरीत दाबून त्यावर 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळून 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, मग पाणी द्या. आत्ताच युरियाला नावं ठेवली आणि लगेच टाका म्हणतोय, असं वाटेल. पण कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतंच; वरून दिलं नाही तर ते जमिनीतलं ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. पुढचे हप्ते मात्र फेकायचे नाहीत. वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) बघून बुडख्यापासून 10 ते 15 सेंटीमीटरवर पहारीनं तेवढंच खोल भोक पाडा, खत घालून मातीनं बुजवा.

मार्चच्या भर दुपारी पाचट उचलून खाली हात घाला. माती गार लागेल, बोटांना ओल लागेल. शेजारच्या जाळलेल्या फडातलं ढेकूळ त्याच वेळी टाचेनंही फुटत नसतं.

पाणी तुंबणाऱ्या रानात मात्र आधी चर काढा, पाचट नंतर. साचलेल्या पाण्यात ते कुजलं तर मिथेनही सुटतो आणि उसाच्या मुळ्याही जातात.