नोटरी केलेला भाडेकरार आणि तुमचं "बघू नंतर"

नमस्कार,

पिंपरीतल्या फ्लॅटबद्दलचा तुमचा मेल वाचला. अशा अर्थाचे मेल सतत येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमची हकीकत थोडक्यात अशी, की २०२१ चा पहिला करार रीतसर रजिस्टर केला, मग एजंट म्हणाला म्हणून पुढचे दोन नुसते स्टॅम्प पेपरवर नोटरी केले, आणि शेवटचा संपून १४ महिने झाले तरी नवीन कागद नाही, भाडं मात्र दर महिन्याला खात्यात येतंय. आता फ्लॅट विकायला काढला तर भाडेकरू म्हणतो की पाच वर्षांचं तोंडी ठरलं होतं आणि डिपॉझिट ५० हजार नव्हे तर दीड लाख दिलं, त्यातले एक लाख रोख. आणि तुम्ही मला विचारताय की कुलूप बदलू का, पाणी तोडू का.

आधी मुद्द्याचं. तुमची सगळी केस महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ वर उभी आहे. अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही हे जे सगळे एकमेकांना सांगतात ते १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आलेलं, पण आपल्याकडे ३१ मार्च २००० पासून हा वेगळा कायदा लागू आहे आणि त्यात करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, लेखी हवा आणि रजिस्टर हवा, आणि ते करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही आणि एजंटची तर नाहीच. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मला शिक्षेची तेवढी काळजी वाटत नाहीये, काळजी त्याच कलमाच्या दुसऱ्या भागाची आहे. रजिस्टर करार नसेल तर कुठल्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे पाच वर्षं आणि दीड लाख हे त्याने सिद्ध करायचं नाही, तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. नोटरीचा शिक्का इथे फारसा कामाला येत नाही, नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे मी किती जणांना सांगितलं असेल आणि तरीही काही हजार वाचवायला लोक तेच करतात.

आता तुम्ही मेलच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेली एक ओळ. मागच्या वर्षी भाडेकरूचा व्हॉट्सअॅप मेसेज आला होता, "काका अकरा महिने संपले, नवीन अॅग्रीमेंट कधी करायचं" आणि तुम्ही उत्तर दिलं "बघू नंतर". हे वाचून मला खरंच राग आला, समोरचा स्वतःहून कागद करायला तयार होता आणि तुम्ही दोन शब्दांत विषय संपवला. पण आज तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा तोच मेसेज आहे, कारण पाच वर्षांचं ठरलेलं असतं तर अकरा महिने संपले असं तो का लिहील? त्याच्या जोडीला डिपॉझिटची बँक एंट्री आणि तिन्ही करार, त्यात ५० हजार हाच आकडा असेल तर रोख लाखाची गोष्ट बरीच पातळ होते.

हे एवढं महत्त्वाचं का, तर कायद्याच्या नजरेत तो लायसन्सी (म्हणजे ठराविक मुदतीसाठी नुसती राहायची परवानगी मिळालेला) ठरतो की खरा भाडेकरू, यावर सगळं आहे. मुदत संपलेला लायसन्सी राहत्या घरातून निघत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरून आदेश होतो. आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण तो जर भाडेकरू ठरला तर मग दिवाणी कोर्ट आणि कलम १६ ची कारणं, आणि त्या कारणांमध्ये "मला विकायचंय" हे कारणच नाहीये. स्वतःला राहायला लागतं हे आहे, विकणं नाही.

नोंदणी नाही म्हणून कलम २४ चा अर्जच करता येत नाही असं मी म्हणणार नाही, करता येतो, पण रजिस्टर कराराला पुरावा म्हणून जे वजन मिळतं ते तुमच्या नोटरीच्या कागदाला मिळेल याची खात्री मी देत नाही. १४ महिने भाडं घेतल्याने नवीन भाडेकरार झाला असा वाद तो घालेल, नुसते पैसे घेतले म्हणून तसं आपोआप होत नाही पण निकाल द्यायला समोर कोण बसलंय आणि कागद काय आहेत यावर बरंच जातं. दुप्पट भरपाईचंही तसंच, मागा जरूर, पण १४ महिन्यांची पूर्ण मिळेल असं धरून चालू नका.

म्हणून नोटीस याच आठवड्यात. मुदत कधी संपली, ताबा द्या, आणि यापुढे खात्यात येणारी रक्कम भाडं म्हणून नव्हे तर वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून घेतोय हे त्यात स्पष्ट लिहायचं. आणि नोटिशीनंतर अर्जाला उशीर करायचा नाही, कारण कायद्यातले ३० दिवस समन्स हातात पडल्यावर सुरू होतात आणि बजावणीतच महिने जातात. "घर बंद" शेरा मारून पाकीट परत येतं, पुढची तारीख दोन महिन्यांनी, पुन्हा तेच. ३० दिवस लिहिणाऱ्या कायद्याखाली लोकांना वर्ष वर्ष थांबावं लागतं हे बघून फार वाईट वाटतं. तेव्हा अर्जात त्याच्या ऑफिसचा पत्ता, मोबाईल, ईमेल सगळं द्या.

कुलूप बदलायचं नाही. कोर्टाच्या आदेशाशिवाय बाहेर काढलं तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो ताबा परत मिळवू शकतो आणि तिथे मालक कोण हा प्रश्नसुद्धा विचारला जात नाही. पाणी, वीज तोडणं हा त्याच भाडे कायद्यात गुन्हा आहे. सोसायटीला सांगून तोडायचं हेही नको.

गिऱ्हाईक आलंय म्हणालात. इसारपावतीत "अमुक तारखेला रिकामा ताबा देतो" असं लिहून देऊ नका, कितीही घाई करू दे, ती तारीख तुमच्या हातात नाही आणि हुकली की विकत घेणाराही तुमच्याविरुद्ध उभा राहील. आत माणूस राहतोय आणि वाद चालू आहे हे लेखी सांगा, भाव थोडा कमी येईल.

आणि तो मेसेज. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते करून घ्यायला तुमचा वकील मदत करेल. पण मूळ मेसेज फोनमध्ये असायला हवा, त्यामुळे मुलाने नवीन फोन घेऊन दिला तरी हा जुना फोन रिसेट करू नका आणि कुणाला देऊही नका.