दर ऐंशी वर्षांनी, म्हणजे आधीचं संकट सोसलेली पिढी संपली की, महासत्तेवर मोठं संकट येतं, हे खरं आहे का?

अर्धं खरं. अमेरिकेचा हिशोब जुळतो: 1776 स्वातंत्र्ययुद्ध, 1861 यादवी, 1941 दुसरं महायुद्ध. पण तीन तारखा जुळल्या म्हणून नियम होत नाही. ब्रिटनवर 1914 आणि 1939, म्हणजे एकाच पिढीच्या डोक्यावर दोन महायुद्धं आली. पैसा संपला, कर्ज चढलं, आणि 1956 साली इजिप्तमध्ये सुएझ कालव्यासाठी सैन्य उतरवल्यावर अमेरिकेनं पौंडाची कोंडी करताच माघार घ्यावी लागली. ती पिढ्यांची नव्हे, तिजोरीची गोष्ट.

पिढीचा मुद्दा मला पटतो तो विसरण्यापुरता. महामंदीत बँका बुडाल्या म्हणून 1933 साली अमेरिकेनं कायदा केला: लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या बँकांनी शेअरबाजाराच्या धंद्यात पडायचं नाही. मंदी सोसलेली माणसं गेली आणि 1999 साली त्यातली मुख्य बंधनं काढली. 2008 साली बँका पुन्हा कोसळल्या, ते माहीतच आहे. (सगळा दोष त्या एका बदलाचा नाही, हेही खरं.)

आपल्या कोल्हापूरकरांना लांब जायची गरज नाही. औरंगजेबानं पंचवीसेक वर्षं दख्खनेत घालवली, 1707 साली वारला. वारसांच्या भांडणात मोगल सत्ता खिळखिळी झाली, 1739 साली नादिरशहानं दिल्ली लुटली. इकडे ताराबाईंनी पन्हाळ्यावरून करवीरची गादी उभी केली, तरी सातारा-कोल्हापूरची भाऊबंदकी 1731 च्या वारणेच्या तहापर्यंत मिटली नाही. यात ऐंशीचं गणित कुठं बसवणार, सांगा बघू!