शांघायला येताय? आधी स्टारबक्सचं इथलं नाव शिका

तुम्ही लिहिलंय की कंपनी दोन वर्षांसाठी शांघायला पाठवतेय, बायको आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर येणार आणि घरात सगळे शाकाहारी. पुढचा प्रश्न : 'शांघाय आता पुरतं पाश्चात्त्य झालंय म्हणतात, मग इंग्रजीवर भागेल ना?' मी इथे नऊ वर्षं राहतोय. नाही भागणार.

पाश्चात्त्य वस्तू इथे पावलोपावली आहेत, पण आल्या आल्या त्यांचं बारसं होतं. पहिल्याच आठवड्यात टॅक्सीवाल्या काकांना मी पाच-सहा वेळा 'स्टारबक्स' म्हणून पाहिलं. ते नुसते आरशातून माझ्याकडे बघत राहिले. शेवटी फोनवर हिरवी खूण दाखवली, तसे हसले, "आऽ, शिंगबाख!" शिंग म्हणजे तारा आणि बाख ही उरलेल्या उच्चाराची नक्कल. मॅकडॉनल्ड्सचं मायदांगलाओ झालंय, केएफसीचं खन्देजी. ही तीन नावं विमानातच पाठ करा, कारण इथे पत्ता सांगताना खुणेला हीच दुकानं येतात.

आणि नुसतं नावच बदलत नाही. केएफसीचं चीनमधलं पहिलं दुकान १९८७ साली बीजिंगला उघडलं. आज सकाळी तिथे गेलात तर लोक तांदळाची पेज आणि तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या खाताना दिसतील. पिझ्झावर ड्युरियन हे उग्र वासाचं फळ असतं (वासावर जाऊ नका, एकदा खाऊन बघा). लकिन या इथल्या कॉफी कंपनीने तर २०२३ मध्ये माओताय दारूच्या चवीची लाटे कॉफी काढली आणि ती घ्यायला रांगा लागल्या. मी घोटभर घेतली. एक घोट पुरला. आणि सर्दी झाली की हेच लोक कोकाकोलात आलं घालून तो उकळून पितात, आपल्या काढ्यासारखा.

हे सगळं कालपरवाचंही नाही. जुन्या शांघायकरांच्या घरी 'लुओसोंग थांग' नावाचं लालसर सूप करतात. रशियन क्रांतीनंतर पळून आलेल्या रशियन लोकांचं हे बीटचं सूप, पण इथे बिटाच्या जागी टोमॅटो आला. आता त्याला कुणी परदेशी म्हणत नाही. त्यात बीफ असतं, तेवढं लक्षात ठेवा.

शाकाहाराची खरी अडचण अशी की 'मांस नको' म्हटलं तर मांसाचे तुकडे काढून तीच भाजी पुढे येते. 'वो छ्र सू' म्हणा, म्हणजे मी शाकाहारी आहे, आणि रस्सा कशाचा आहे तेही विचारा. नानजिंग रोडवर गोंगदलिन नावाचं १९२२ सालचं शाकाहारी उपाहारगृह आहे, तिथे निर्धास्त जेवा. मात्र नकली बदक इतकं हुबेहूब असतं की माझ्या आईने ताटच बाजूला सारलं होतं.

घर बघायला जाल तेव्हा लिफ्टची बटणं नीट बघा. आमच्या इमारतीत ४ नाही, १३ नाही, १४ही नाही. चारचा चिनी उच्चार 'मरण' या शब्दासारखा म्हणून ४ आणि १४ गेले, तेरा गोऱ्यांना अशुभ म्हणून तोही गेला. शिवाय तळमजल्याला १ म्हणतात. म्हणजे 'पंधरावा मजला' म्हणून जे घर घ्याल, ते आपल्या हिशेबाने अकरावा. स्वयंपाकघर लहान आणि दार लावून घेता येणारं, गॅसला दोन शेगड्या, ओव्हन बहुधा नसतोच. भाड्याचा नेहमीचा रिवाज म्हणजे एका महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. चार महिन्यांचे पैसे हाताशी ठेवूनच या. घरात राहायला गेल्यावर २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची असते. मी पहिल्यांदा विसरलो होतो आणि चांगली अर्धा तास बोलणी खाल्ली.

ऑफिसात तुम्हाला जेसन, विवियन अशा नावांचे चिनी सहकारी भेटतील. ती नावं ऑफिसपुरती, पासपोर्टवर वेगळीच असतात. मला वाटायचं हे आपल्या सोयीसाठी आहे. मग एका सहकारी मुलीने सांगितलं की चिनी नावाने साहेबांना हाक मारायची तर मागे हुद्दा लावावाच लागतो, 'केविन' म्हटलं की सुटका! तेव्हा केविन म्हणतात म्हणून सगळे बरोबरीचे आहेत, असं समजू नका. मीटिंगमध्ये केविन बोलेपर्यंत कुणी तोंड उघडत नाही.

नाताळात मॉलमध्ये झाडं, गाणी, सगळी रोषणाई असते, पण २५ डिसेंबरला ऑफिस चालू. २४ला कुणीतरी रंगीत खोक्यात सफरचंद देईल. नाताळच्या आदल्या रात्रीला 'पिंग आन ये', शांतीची रात्र, म्हणतात आणि सफरचंदाला 'पिंगकुओ'. 'पिंग'ला 'पिंग' जुळलं एवढंच. मी पहिल्या वर्षी ते तिथेच खाल्लं, सगळे बघत राहिले. सुट्टीचं म्हणाल तर खरी मोठी चांद्र नववर्षाची आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली. त्या सलग मिळाव्यात म्हणून एखाद्या शनिवारी-रविवारी कामावर यावं लागतं. भारतात यायची तिकिटं तेव्हाची काढणार असाल तर खूप आधी काढा.

घरच्यांशी बोलण्याचा गोंधळ आधीच सोडवा. इथे व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाही, आणि इथलं व्हॉट्सॲप म्हणजे वीचॅट, त्यावर भारतात २०२० पासून बंदी आहे. सुरुवातीचे काही आठवडे भारतातलं सिम रोमिंगवर ठेवा, त्यावर व्हॉट्सॲप चालतं. तेवढ्या वेळात दुसरी सोय बघता येते. पैसे देण्यासाठी वीचॅट आणि अलीपे या ॲपना तुमचं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून घ्या, भाजीवालीही क्यूआर कोडच पुढे करते.

सामानात कुकर आणि त्याच्या दोन रिंगा जास्तीच्या. मसाले ऑनलाइन मिळतात. ऑफिसात वाटायला पेढे आणू नका. इथे केकचं कौतुक करतानाही 'फार गोड नाही' असं म्हणतात, माझी पेढ्यांची पेटी आठवडाभर पँट्रीत पडून होती. चिवडा आणा. माझा दुपारपर्यंत संपला होता.