पिल्लू घरभर मुततं

प्रश्न : दोन महिन्यांचं लॅब्राडॉर आणलं. माजघरात कुठंही मुततं; मारलं तर खाटेखाली जाऊन करतं. काय करावं? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : मार आधी थांबवा. त्यातून ते एवढंच शिकलं, की तुमच्यासमोर करायचं नाही. या वयात लघवी जेमतेम 2-3 तास धरवते. झोपून उठल्यावर, खेळल्यावर, खाल्ल्यावर 10-15 मिनिटांत अंगणाच्या एकाच कोपऱ्यात न्या. तिथं झाली की त्याच क्षणी उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा द्या. घरात येऊन दिला तर कशाबद्दल मिळाला, हे त्याला उमगत नाही. घरातली जागा साबणाच्या पाण्यानं धुवा. वास राहिला की पुन्हा तिथंच. फिनाईल मात्र नको, चाटलं तर विषबाधा. उन्हाळ्यात दुपारी कोपरा सावलीतलाच हवा, तापल्या फरशीनं पंजे भाजतात. आणि लसी पुऱ्या होईस्तोवर गावकुत्र्यांत सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य आजाराची भीती असते.